सोन्याच्या काउंटरवरची माणसं: निवडायची कशी, शिकवायची कशी, टिकवायची कशी

दिवाळीचा बोनस खात्यात पडला की तुळशीच्या लग्नाआधी दोन-तीन राजीनामे ठरलेले. लग्नसराई तोंडावर, काउंटर रिकामं, आणि मालकांचा फोन: "ताई, कुणी असेल तर बघा हो. अनुभवी हवं. उद्यापासून यायला हवं." अनुभवी माणूस उद्यापासून मिळतो तो शेजारच्या पेढीतूनच, आणि दोन हजार जास्त मिळाले की तो तिसऱ्या पेढीत जातो.

मी 2003 साली पुण्यात चांदीच्या काउंटरला उभी राहिले. निरांजनं आणि जोडवी विकण्यापासून सुरुवात केली, पुढे सोनं, मग लग्नाचे दागिने, मग फ्लोअर. गेली काही वर्षं पेढ्यांना माणसं निवडून आणि शिकवून देण्याचं काम करते. खाली जे लिहिते आहे ते दागिन्यांच्या शोरूमबद्दल आहे, पण अस्सल पैठणीची, घड्याळांची किंवा उंची फर्निचरची दुकानं चालवणाऱ्यांनाही बरंचसं लागू पडेल. कारण गाठ सगळीकडे एकच आहे. ज्या हातांनी चार लाखांचा हार गिऱ्हाइकाच्या गळ्यात घालायचा, त्या हातांना महिन्याला वीस-बावीस हजार मिळतात. हे अंतर रोज दिवसभर अंगावर वागवून हसतमुख राहायचं असतं. ते अंतर तुम्ही मिटवू शकत नाही. माणसाला ते बोचणार नाही एवढं मात्र तुमच्या हातात आहे, आणि खालची प्रत्येक पायरी त्यासाठीच आहे.

आधी गेलेल्यांची यादी करा

जाहिरात नंतर. मागच्या दोन वर्षांत सोडून गेलेल्या प्रत्येकाचं नाव, लागल्याची तारीख, सोडल्याची तारीख, काउंटर आणि त्या वेळचा फ्लोअर मॅनेजर एवढं एका कागदावर लिहा. पगाराच्या वहीतून तासाभरात होतं. मी ज्या ज्या पेढीत हे करून घेतलं, तिथे बहुतेक वेळा तीनच ढीग दिसले: पहिल्या तीन महिन्यांत गेलेले, दिवाळीनंतर गेलेले, आणि एकाच मॅनेजरच्या हाताखालून गेलेले.

तिसरा ढीग दिसला की मालक गप्प होतात. तो मॅनेजर बहुधा सगळ्यात जुना आणि विश्वासाचा असतो, तिजोरीच्या किल्ल्या त्याच्याकडे असतात. त्याला काढा असं मी म्हणत नाही. पण नव्या माणसांची पहिली तीन महिन्यांची जबाबदारी त्याच्याकडे देऊ नका.

मग खर्च मांडा. समजा पगार 22,000. नव्या माणसाला सोन्याच्या काउंटरला एकट्याने उभं राहायला तीन महिने लागतात, म्हणजे 66,000 शिकण्यात गेले. त्यातलं अर्धं काम तो करतो असं धरलं तरी 33,000 बुडाले. शिकवणाऱ्या सीनियरचा वेळ, युनिफॉर्म, जाहिरात धरून आकडा 45-50 हजारांवर सहज जातो. तुमचे आकडे घालून बघा. महिन्याला दीड हजारांची वाढ मागणाऱ्या माणसाला "जमणार नाही" म्हणताना हा कागद समोर असावा.

भरती पंचांग बघून करा

धंदा पंचांगावर चालतो, मग भरतीही तशीच हवी. दसरा-धनत्रयोदशीसाठी माणसं आषाढात घ्या, श्रावण-भाद्रपदात शिकवा. पितृपक्षात दुकान शांत असतं, तेव्हा रोज तासभर खोटं गिऱ्हाईक उभं करून सराव घ्या. नवरात्रात ती माणसं सीनियरच्या शेजारी उभी राहतील, आणि धनत्रयोदशीच्या गर्दीत पाय लटपटणार नाहीत. पाडवा-अक्षय्य तृतीयेसाठी हेच पौषात करा. पौषात लग्नं कमी असतात, त्यामुळे काउंटरला शिकवायला वेळ असतो.

धनत्रयोदशीच्या आठ दिवस आधी घेतलेला माणूस फक्त ट्रे उचलायच्या कामाचा. त्याला तसंच सांगून, तेवढ्याच दिवसांसाठी घ्या.

जाहिरातीत खरं लिहा

आपल्याकडची नेहमीची जाहिरात: "पाहिजेत, सेल्सगर्ल. वय 18 ते 25. स्मार्ट, इंग्रजी आवश्यक. पगार योग्यतेनुसार." यात कामाबद्दल एक अक्षर नाही. वयाची अट तर स्वतःच्याच पायावर धोंडा आहे. सुनेसाठी पाटल्या घ्यायला आलेल्या बाईला बावीस वर्षांच्या मुलीपेक्षा चाळिशीतली बाई जास्त पटते, ती स्वतः तिथून गेलेली असते.

त्याऐवजी असं लिहून पाहा: "दागिन्यांच्या शोरूमसाठी काउंटर स्टाफ. पगार 20,000 ते 24,000, शिवाय इन्सेंटिव्ह. वेळ 10.30 ते 7.30, जेवणाची सुट्टी धरून. आठवड्याची सुट्टी ठरलेली, पण सणाच्या आठवड्यात बदलून मिळेल. काम उभ्याने. अनुभव नसला तरी चालेल, तीन महिने शिकवू. मुलं शाळेत असलेल्या महिलांसाठी 11 ते 5 ची जागा आहे." ही जाहिरात वाचून अर्ज कमी येतात. मुलाखतीला मात्र तीच माणसं येतात ज्यांना हे परवडणार आहे.

11 ते 5 ची कल्पना पुष्कळ मालकांना आवडत नाही. पण दुपारी येणाऱ्या बायका निवांत बघतात, आणि त्या वेळी काउंटरला शांत, जाणती बाई लागते. मी लावलेल्या माणसांमध्ये सगळ्यात जास्त टिकल्या त्या याच वेळेच्या बायका.

माणसं शोधायची कुठे

दुसऱ्या पेढ्यांकडे शेवटी बघा. आधी साडीची दुकानं बघा. शंभर साड्या उलगडून एकही न विकता हसत घड्या घालणारा माणूस सोनं चार महिन्यांत शिकतो, तो स्वभाव मात्र चार वर्षांतही शिकवता येत नाही. हॉटेलच्या रिसेप्शनवरची मुलं बोलण्यात तयार असतात, रात्रपाळीला कंटाळलेली असतात. ब्यूटी पार्लरमध्ये काम केलेल्या मुलींना परक्या बाईच्या गळ्याला, कानाला हात लावताना संकोच नसतो, आणि आमच्या कामात तो फार आड येतो.

मुंबईत गोष्ट जरा निराळी आहे. 2023 मध्ये बीकेसीत जिओ वर्ल्ड प्लाझा हा मॉल उघडल्यापासून परदेशी ब्रँडची दुकानं एकाच छताखाली आली, आणि चांगलं इंग्रजी बोलणारी मुलं हॉटेलं, विमान कंपन्या, ब्रँड या सगळ्यांनाच हवी असतात. त्या स्पर्धेत पगारावर पेढी जिंकणार नाही. पेढीने इंग्रजीचा हट्ट सोडावा. मराठी, हिंदी आणि जमलं तर गुजराती किंवा मारवाडी समजणारा माणूस झवेरी बाजारापासून जळगावपर्यंत कुठेही पुरतो. इंग्रजीत बोलणाऱ्या गिऱ्हाइकासाठी फ्लोअरवर दोघं असली की झालं.

स्टाफने सुचवलेली माणसं जरूर घ्या, सुचवणाऱ्याला बक्षीसही द्या, पण नवा माणूस सहा महिने टिकल्यावर. आणि एका घरातले दोघं एका काउंटरला ठेवू नका. एकाच्या हातून काही कमी-जास्त झालं तर दोघंही जातात.

मुलाखत टेबलावर नको, काउंटरला घ्या

"तुमच्यातले गुण-दोष सांगा" या प्रश्नाला सगळे पाठ केलेलं उत्तर देतात. मी एकच प्रश्न विचारते: "तुम्ही स्वतः शेवटचं महागातलं काय घेतलं, आणि दुकानदार कसा वागला?" महागातलं म्हणजे मिक्सर असेल, मोबाइल असेल. दुकानदाराने कसं बसवलं, काय लपवलं, कुठे कमीपणा वाटला, हे ज्याला बारकाईने सांगता येतं त्याला गिऱ्हाइकाच्या जागी उभं राहता येतं.

मग हातात एक दागिना देते. ठुशी, नथ, काहीही. नाव माहीत नसलं तरी चालतं. तो कसा धरतो ते मी बघते. काही जण चिमटीत धरून लोंबकळत ठेवतात. काही जण दुसरा तळवा खाली धरतात. दुसऱ्या प्रकारचा माणूस मला हवा असतो.

तिसरी परीक्षा म्हणजे मी स्वतः गिऱ्हाईक होते. दोन प्रसंग ठेवते. एकात मी जुना दागिना मोडीत द्यायला आलेली, रागावलेली: "मागच्या वर्षी इथूनच घेतलं आणि मोड देताना एवढे कमी?" दुसऱ्यात मी संकोचलेली: "नाही, फक्त बघायला आलेय." एका वेळी साडीच्या दुकानातून आलेली, अडतिसाव्या वर्षात असलेली बाई समोर होती. मी "फक्त बघायला" म्हटलं. तिने बजेट विचारलं नाही. समोरचे मोठ्या हारांचे दोन ट्रे अलगद बाजूला सरकवले, मधे मोहनमाळेचा एक ट्रे ठेवला, आरसा माझ्याकडे फिरवला आणि म्हणाली, "घालून बघा की. बघायला पैसे कुठे पडतात?" मोठे ट्रे हलवल्याने मी सैलावले, हे मला नंतर लक्षात आलं. तिला तिथेच घेतली. कॅरट म्हणजे काय हे तिला ठाऊक नव्हतं.

यानंतर एक दिवस प्रत्यक्ष फ्लोअरवर उभं करा, आणि त्या दिवसाचे पैसे द्या. संध्याकाळी पाय दुखल्यावर माणूस स्वतःच ठरवतो. पहिल्याच दिवशी नको म्हणणारा तिसऱ्या आठवड्यात नको म्हणणाऱ्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतो.

पडताळणी करायचीच. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला, आधीच्या मालकाला फोन, घरचा पत्ता. पण मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेणं, अनामत मागणं हे बंद करा. माणूस कागदपत्रांमुळे थांबला तर तो काउंटरला मनाने उभा नसतो, आणि गिऱ्हाइकाला ते दिसतं.

पगार आणि इन्सेंटिव्ह: इथे सगळ्यात जास्त चुकतं

पगार वेळेवर, स्लिपसह, ठरलेल्या तारखेला. यावर जास्त लिहायला नको.

इन्सेंटिव्हवर मात्र लिहायला हवं. बहुतेक पेढ्या रुपयांतल्या विक्रीवर टार्गेट देतात. महिन्याला 30 लाखांचं टार्गेट घ्या. भाव दहा ग्रॅमला 60,000 असताना त्यासाठी अर्धा किलो सोनं विकावं लागायचं. 2025 च्या एप्रिलमध्ये भाव लाखाला टेकला, तेव्हा तेच टार्गेट 300 ग्रॅममध्ये पुरं व्हायला लागलं. मग मालकांनी टार्गेट 50 लाखांवर नेलं. इकडे गिऱ्हाइकाने चार पाटल्यांऐवजी दोन घ्यायला सुरुवात केली होती. काउंटरवरच्या माणसाच्या हातात ना भाव, ना गिऱ्हाइकाचा खिसा, आणि इन्सेंटिव्ह मात्र दोन्हींवर अवलंबून. भाव चढत गेला तशी चांगली माणसं वैतागून गेली ती यामुळेच.

टार्गेट घडणावळीवर, म्हणजे दागिना घडवण्याच्या मजुरीवर ठेवा. पेढीची कमाई बरीचशी तिथेच असते, नाण्याला किंवा वेढणीला फारशी घडणावळ नसते. पण निव्वळ घडणावळीवर ठेवलं तर माणूस प्रत्येकाच्या गळ्यात जड घडणावळीचा माल मारायला बघतो, म्हणून दोन लगाम हवेत. पहिला, इन्सेंटिव्हचा मोठा भाग, समजा शंभरातले साठ, सगळ्या काउंटरला मिळून. उरलेले चाळीस ज्याचे त्याला. असं केलं की दारात गिऱ्हाईक दिसताच दोघांनी एकदम पुढे धावणं थांबतं. दुसरा, माल बदलून गेला किंवा परत आला तर त्यावरचा इन्सेंटिव्ह वळता.

आणि मोड, पॉलिश, दुरुस्ती यांच्यासाठी वेगळी ठरावीक रक्कम ठेवा. मोड घेऊन आलेली आजी दारात दिसली की काउंटरवरचे सगळे अचानक टॅग लावण्यात गर्क होतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. त्यात त्यांचा दोष नाही. त्या आजीत त्यांना काहीच मिळत नाही. पण त्याच आजीची नात पुढच्या वर्षी लग्नाची असते.

हिशेब माणसाला स्वतःला करता आला पाहिजे. महिनाअखेरीस स्वतःचा इन्सेंटिव्ह मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर काढता येत नसेल तर ती योजना बदला.

पहिले नव्वद दिवस

पहिल्या आठवड्यात विकायला सांगू नका. टॅग लावणं, वजनकाट्यावर वजन, ट्रे मांडणं, बिल वाचणं, एवढंच. या आठवड्यात एक दिवस कारागिराकडे पाठवा. तार ओढताना, डाग देऊन जोड देताना, खडा बसवताना एकदा बघितलं की घडणावळ महाग का, हे माणूस पोटातून सांगतो. नाहीतर "मॅडम, डिझाइनच तसं आहे" यापलीकडे उत्तर नसतं.

बिलाचं गणित पाठ नको, हाताने करायला लावा. भाव ग्रॅमला 9,000 धरा. दहा ग्रॅमचे 90,000. घडणावळ बारा टक्के, 10,800. झाले 1,00,800. त्यावर तीन टक्के जीएसटी, 3,024. एकूण 1,03,824. हे कागदावर, गिऱ्हाइकासमोर, न अडखळता मांडता आलं पाहिजे. ज्याला बिल समजावता येतं त्याला "काही कमी करा" हे वाक्य घाबरवत नाही.

हॉलमार्कचंही तसंच. 2021 च्या जूनपासून हॉलमार्किंग, म्हणजे शुद्धतेचा शिक्का, टप्प्याटप्प्याने सक्तीचं झालं, आणि 1 एप्रिल 2023 पासून सहा अंकी-अक्षरी एचयूआयडी (प्रत्येक दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) असल्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. नव्या माणसाला दुकानातला दागिना नाही, त्याच्या घरचा एखादा नवा दागिना आणायला सांगा आणि भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपवर त्याचा क्रमांक तपासायला लावा. 916 म्हणजे बावीस कॅरट, 750 म्हणजे अठरा, हे मग विसरायला होत नाही.

रोखीचा विषयही लवकर शिकवा, कारण तिथे भांडणं होतात. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीत घेता येत नाही, आणि दोन लाखांच्या वरच्या खरेदीला पॅन लागतो. हे सांगताना गिऱ्हाइकावर संशय आहे असं वाटता कामा नये. "काका, दोन लाखांपासून पुढे रोख घ्यायला आम्हालाच परवानगी नाही. आरटीजीएस करूया का? तोवर चहा सांगते." एवढं पुरतं.

दुसऱ्या महिन्यापासून चांदीच्या काउंटरला उभं करा. वस्तू स्वस्त, चुका परवडतात, आणि वर्दळ असल्याने भीड चेपते. रोज बंद करताना दहा मिनिटं सीनियरशी बोलणं: आज कोण न घेता गेलं आणि का. तिसऱ्या महिन्यात सोन्याच्या काउंटरला, सीनियरच्या शेजारी. इथे शिकवायची सगळ्यात मोलाची गोष्ट कुठल्याच पुस्तकात नसते: घालणार कोण, पैसे देणार कोण आणि ठरवणार कोण, हे ओळखणं. लग्नाच्या खरेदीला पाच जण येतात. मुलीला हलका चोकर हवा असतो, सासूबाईंना तन्मणी, वडील भावाच्या पाटीकडे बघत असतात. नवखा माणूस जो सगळ्यात जास्त बोलतो त्याला विकायला बघतो. तयार माणूस आधी मुलीच्या गळ्यात चोकर घालतो, मग त्याखाली तन्मणी ठेवतो आणि आरसा सासूबाईंकडे वळवतो.

तीसाव्या, साठाव्या आणि नव्वदाव्या दिवशी मालकाने स्वतः वीस मिनिटं बसावं. विचारायचं एवढंच: काय सांगितलं होतं आणि काय निघालं? पहिल्या तीन महिन्यांतले राजीनामे बहुधा या फरकातून येतात.

रात्रीची मोजणी आणि संशय

माझ्या पहिल्या नोकरीतली गोष्ट. रात्री मोजणीत मोत्याच्या कुड्यांची एक जोडी कमी आली. साडेअकरापर्यंत आम्हा आठ जणांना थांबवून घेतलं. पर्स उलट्या करायला लावल्या, सगळ्यांसमोर. महिनाअखेरीस प्रत्येकाच्या पगारातून सातशे कापले. नंतर कधीतरी ती जोडी दुरुस्तीच्या पाकिटात, दुसऱ्या कुड्यांबरोबर सापडली. पैसे परत मिळाले. पण "चुकलं आमचं" असं कुणी म्हटलं नाही. त्या महिन्यात दोन उत्तम मुली सोडून गेल्या, आणि पुढे मीही.

म्हणून मोजणीचे नियम लिहून ठेवा. दिवसातून तीन वेळा मोजा: उघडताना, दुपारी पाळी बदलताना, बंद करताना. फरक दुपारी सापडला तर शोधायला चार तास असतात आणि सात-आठ जणांऐवजी तिघांनाच विचारावं लागतं. दुरुस्तीचं आणि दाखवायला काढलेल्या मालाचं रजिस्टर वेगळं ठेवा. गिऱ्हाइकासमोर एका वेळी किती नग काढायचे याची मर्यादा ठरवा, आणि ती मालकाच्या ओळखीच्या गिऱ्हाइकालाही लागू ठेवा, कारण नेमक्या त्याच वेळी गोंधळ होतो.

बाहेर पडतानाची तपासणी करायची असेल तर सगळ्यांची करा, मॅनेजरची आणि मालकाच्या मुलाचीही. बायकांची तपासणी बाईनेच, बंद खोलीत. माल गहाळ झाला म्हणून सरसकट सगळ्यांच्या पगारातून कापणं कायद्यालाही मान्य नाही. ज्याचा निष्काळजीपणा आहे त्याला आधी म्हणणं मांडू द्यावं लागतं. आणि संशय खोटा निघाला तर जितक्या जणांसमोर घेतला तितक्याच जणांसमोर मागे घ्या.

पाय, पोट आणि घरी जायची वेळ

काउंटरमागे उंच स्टूल ठेवा. गिऱ्हाईक नसताना बसलं तर दुकानाची शान जात नाही. केरळने 2018 मध्ये आणि तमिळनाडूने 2021 मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायची सोय देणं कायद्यानेच बंधनकारक केलं, आपण कायद्याची वाट कशाला बघायची? बायकांना साडीचा युनिफॉर्म असेल तर साडी आणि ब्लाउजची शिलाई दुकानाने द्यावी. जेवायला गोदामात पुठ्ठ्यांवर बसायला लागू नये. एक टेबल, पाणी आणि स्वच्छ बाथरूम. ही सोय नसल्यामुळे पाणीच न पिणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत.

महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा 2017 चा आहे. आठवड्याची सुट्टी आणि जादा तासांना दुप्पट दर हा त्याचा गाभा. 2025 च्या सप्टेंबरमध्ये मंत्रिमंडळाने रोजचे तास आणि कायद्याची कक्षा यांत बदल मंजूर केले, त्यामुळे भिंतीवरची जुनी पाटी बदलण्याआधी सल्लागाराबरोबर एकदा बसा. रात्री साडेनऊनंतर बायकांना थांबवायचं तर त्यांची संमती हवी आणि घरी सोडायची व्यवस्था हवी. धनत्रयोदशीला हे हमखास विसरलं जातं. दहा किंवा जास्त माणसं असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागते, आणि गिऱ्हाइकाने केलेला त्रासही तिच्या कक्षेत येतो. काउंटरवरच्या मुलीचा हात उगाच धरून ठेवणारा बडा गिऱ्हाईक प्रत्येक पेढीत एखादा असतो. त्याच्याशी मॅनेजरने स्वतः उभं राहून बोलायचं, मुलीला दुसऱ्या काउंटरला पाठवून विषय मिटवायचा नाही.

थांबण्यासारखं काहीतरी पुढे दिसू द्या

चांदी, सोनं, लग्नाचे दागिने, हिरे, फ्लोअर. या पायऱ्या प्रत्येक पेढीत आहेतच, फक्त कुणी सांगत नाही. किती महिन्यांनी, काय आल्यावर वरची पायरी आणि त्याला पगार किती, हे लेखी द्या. हिऱ्याच्या काउंटरसाठी बाहेरून माणूस आणण्याआधी आतल्या दोघांना प्रशिक्षणाला पाठवा.

दिवाळीनंतरच्या गळतीवर माझा उपाय साधा आहे. बोनस अडवून ठेवू नका, तो वेळेवर द्या. पण पगारवाढ दिवाळीनंतर पंधरा दिवसांत जाहीर करा, एप्रिलमध्ये नाही. माणूस नेमका तेव्हाच विचार करत असतो. आणि दिवाळीतली सुट्टी वाटून द्या. लक्ष्मीपूजन, पाडवा, भाऊबीज यांतला एक दिवस प्रत्येकाला घरी, चिठ्ठ्या टाकून, पुढच्या वर्षी फिरवून. लोकांचे सण साजरे करून देणाऱ्यांना स्वतःचा एकही नाही, हे वर्षानुवर्षं कुणी सहन करत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्याच धंद्यात शक्य आहे. स्टाफच्या घरच्या लग्नाला घडणावळ माफ करा. तीन वर्षं पुरी केल्यावर दुकानाकडून तीन ग्रॅमची अंगठी द्या, पाचव्या वर्षी पाच ग्रॅम. एका पेढीने हे सुरू केलं तेव्हा हिशेबनीस कुरकुरले. पण काउंटरवरच्या बाईच्या बोटात त्याच दुकानातली अंगठी असली की गिऱ्हाईक विचारतं, "तुम्ही पण इथूनच घेतलीत का?" आणि ती जे सांगते ते कुठल्याही होर्डिंगवर लिहून येत नाही.

गेला तर

कितीही केलं तरी माणसं जातात. नवऱ्याची बदली होते, मोठी साखळी दुकानं जास्त देतात. नोटीस दिलेल्या माणसाला त्याच दिवशी काउंटरवरून उठवून गोदामात बसवू नका, बाकीचे बघत असतात. त्याची गिऱ्हाइकं त्याच्या मोबाइलमध्ये असतील तर ती चूक तुमची आहे. गिऱ्हाइकांची नोंद पहिल्यापासून दुकानाच्या रजिस्टरला, पण त्या नोंदीपुढे सांभाळणाऱ्या माणसाचं नाव असू द्या, आणि त्याच्या जागी कोण येणार हे जाण्याआधी त्यालाच फोन करून गिऱ्हाइकाला सांगू द्या.

हिशेब शेवटच्या दिवशी पुरा करा. पाच वर्षं झालेल्याची ग्रॅच्युइटी, कायद्याने धरला जाणारा शेवटचा महिन्याचा पगार भागिले सव्वीस गुणिले पंधरा गुणिले वर्षं, मागायला न लावता द्या. आणि चार महिन्यांनी एक फोन करा, "कसं चाललंय?" एवढाच. माझ्या माहितीत तीन जणी अशा फोननंतर परत आल्या. त्यांतली एक आता लग्नाच्या काउंटरची प्रमुख आहे. परत येणाऱ्याला जुन्या पगारावर घेऊ नका, आणि "शेवटी आलीसच ना" असं दुकानात कुणालाही म्हणू देऊ नका.